नेमलेला महापौर की निवडून आलेला? (कुरितिबा आणि लेर्नर)

भिंतीवरचा_नकाशा | शुक्रवार, संध्या. ७.४०

मी वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाला नगररचना शिकवतो. दरवर्षी एक ठरलेलं व्याख्यान असतं. ब्राझीलमधलं कुरितिबा शहर आणि तिथले महापौर जैमे लेर्नर. हे व्याख्यान मी आता झोपेतही देऊ शकेन, आणि खरं तर तोच माझा घोटाळा झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेर्नर म्हणजे पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातला, कुरितिबातच १९३७ साली जन्मलेला वास्तुविशारद. १९७१ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी महापौर झाला. शहराची मुख्य बाजारपेठ म्हणजे 'रुआ किन्झे', १५ नोव्हेंबर रस्ता. वाहनांनी गच्च भरलेला. १९७२ च्या मे महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी पालिकेची माणसं आली, फरसबंदी उखडली, नवी बसवली, दिवे आणि कुंड्या लावल्या. सोमवारी दुकानदार शटर उघडायला आले तर समोर पादचाऱ्यांचा रस्ता! शुक्रवारच का, तर कोर्टं बंद झाली होती. स्थगिती आणायला सोमवार उजाडावा लागणार होता. पुढे मोटारवाल्यांनी धमकी दिली की आम्ही गाड्या घुसवून रस्ता परत घेऊ. लेर्नरनं पोलीस बोलावले नाहीत. रस्त्यावर कागदाची लांबच लांब भेंडोळी अंथरली आणि शाळेतल्या मुलांना चित्रं काढायला बसवलं. घुसवा आता गाड्या.

इथे वर्ग हसतो. मग मी १९७४ च्या जलद बस मार्गांकडे वळतो.

यंदा हसण्याच्या मधोमध मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, पण ह्यांना निवडून कुणी दिलं होतं?"

कुणीच नाही. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती आणि राज्यांच्या राजधान्यांचे महापौर गव्हर्नर नेमायचा. हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत एकदाही वर्गात सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर गोष्ट बिघडते.

तर प्रश्न असा. त्या शुक्रवारी लेर्नरच्या डोक्यावर पुढच्या निवडणुकीची टांगती तलवार असती, तर रस्ता झाला असता का? आणि नसता झाला, तर मी मुलांना दरवर्षी नेमकं काय शिकवतोय?

---

नुसताच_वाचक | शुक्रवार, रात्री ८.०५

बाजारात खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

---

खडी_डांबर | शुक्रवार, रात्री ९.१२

नकाशेसाहेब, शुक्रवारची गोष्ट वाचून पोट धरून हसलो. नगरपालिकेत तीस वर्षं काढली, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. अतिक्रमणवाले शुक्रवारची संध्याकाळ कशी डोळ्यांत तेल घालून बघतात ते जवळून पाहिलंय. ही युक्ती तुमच्या लेर्नरनं काढली असं कुणी म्हणत असेल तर आमच्या खात्याचा निषेध नोंदवावा. फक्त आम्ही शुक्रवारी पाडायचो, त्यानं बांधलं.

एक अनुभव सांगतो, गाव सांगत नाही. भाजी मंडईपासून देवळापर्यंतचा चारशे मीटरचा रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद करायचा ठराव झाला. लोखंडी खांब आले, खड्डे घेतले. आम्ही सरळमार्गी माणसं, त्यामुळे काम बुधवारी सुरू केलं. गुरुवारी दुपारी स्टे. खांब गोदामात गेले ते नऊ वर्षं तिथेच. मधल्या काळात त्यांचा उपयोग एकच झाला, गणपतीत मांडवाच्या दोऱ्या बांधायला. त्या कामी मात्र उत्तम होते.

स्टे आणणारे सहा दुकानदार होते. रस्ता हवा असणारी माणसं काही हजार असतील. पण त्या हजारांतला एकही जण कोर्टात उभा राहायला आला नव्हता.

---

उलटतपासणी | शुक्रवार, रात्री १०.३०

खडीकाका, तुमच्याबद्दल आदर ठेवून. ज्याचं पोट त्या दुकानावर आहे त्यानं कोर्टात जाऊ नये असं आहे का? स्टे आणता येतो ही काही शहराला झालेली खरूज नाही. कोर्ट बंद व्हायची वाट बघून काम करणारा माणूस आपल्याला आवडतो, कारण दुकान आपलं नाही.

आणि नकाशेसर, 'मुलांना चित्रं काढायला बसवलं' ही गोष्ट तुम्ही गोड करून सांगता. मला ती वाचताना अंगावर काटा येतो. मोटारींसमोर मुलं बसवली की हो! त्याच काळात त्या देशात विरोधकांना उचलून नेत होते, छळत होते. त्या राजवटीनं नेमलेला महापौर फुलांच्या कुंड्या लावत होता. कुंड्या सुंदर असतीलही.

---

टवाळ_आत्या | शुक्रवार, रात्री १०.४४

म्हणजे हुकूमशहा हवा, पण कुंड्या लावणारा हवा. आमच्या सोसायटीचे चेअरमन अर्ध्या अटीत बसतात. कुंड्या नाहीत.

---

दक्षिणायन | शनिवार, पहाटे ४.२०

इथे अजून शुक्रवारची रात्र आहे. कुरितिबाला लागून असलेल्या एका गावात सहा वर्षं राहतोय, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी. इतक्या वर्षांत मराठीत कुणी माझ्या शहराचं नाव काढलं नव्हतं, त्यामुळे राहवलं नाही.

आधी उच्चार. शहर 'कुरिचीबा', साहेब 'झाइमी लेर्नेर'. पण धाग्यात रुळलंय तेच चालू दे, नाहीतर कुणाला कळायचं नाही.

उलटतपासणी यांचा मुद्दा खरा आहे. माझ्या शेजारचे आजोबा लेर्नरचं नाव निघालं की 'लष्कराचा लाडका' म्हणतात आणि विषय बदलतात. आजी मात्र १९७२ मध्ये रुआ किन्झेवर पहिल्यांदा पोरं घेऊन कशी फिरली ते दर नाताळात सांगते. दोघं एकाच घरात राहतात, बावन्न वर्षं झाली.

पण नकाशेसरांची गोष्ट १९७४ ला थांबते, तिथेच खरी गंमत सुरू होते. लेर्नर दोनदा नेमले गेले: १९७१ ते ७५ आणि १९७९ ते ८३. मग राजवट ढिली झाली आणि १९८५ मध्ये राजधान्यांत पुन्हा थेट निवडणूक आली. लेर्नर उभे राहिले. एवढं शहर घडवलेला माणूस, जगभर नाव. आणि हरले! थोड्या मतांनी, पण हरले. जिंकले रोबेर्तो रेकियाँव, लष्करविरोधी पक्षाचे, बोलायला फटकळ.

तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, लेर्नर मतदानाला फक्त बारा दिवस उरले असताना रिंगणात उतरले. आणि जिंकले. इथे त्याला आजही 'बारा दिवसांचा प्रचार' म्हणतात. १९८९ ते ९२ ही तिसरी कारकीर्द मतांवर मिळालेली आहे.

आता बघा, कुरितिबाची जी चित्रं तुम्ही पडद्यावर दाखवत असाल, त्यातली किती ह्या तिसऱ्या कारकिर्दीतली आहेत. काचेच्या नळीसारखे बसथांबे १९९१ चे. दोन सांध्यांची लांबलचक लाल बस १९९२ ची. काचेचं हरितगृह असलेली वनस्पती बाग १९९१ ची. दगडाच्या जुन्या खाणीत, पाण्यावर पोलादी नळ्यांचं उभं केलेलं नाट्यगृह १९९२ चं, जेमतेम दोन-अडीच महिन्यांत बांधलेलं. घाईची खोड निवडून आल्यावरही गेली नव्हती.

---

भिंतीवरचा_नकाशा | शनिवार, सकाळी ७.५५

दक्षिणायन, दंडवत. १९८५ ची हार मला ठाऊक नव्हती. माझ्या पडद्यावर सगळी चित्रं एकत्र येतात, नळीचे थांबे आणि कागदाची भेंडोळी एकामागोमाग, जणू एकाच वर्षी झाली. मधले पराभव कापून टाकले की कुणीही द्रष्टा दिसतो.

---

कात्रजचा_घाट | शनिवार, सकाळी ९.३०

पुणेकर म्हणून ह्या धाग्यावर आमचा जन्मसिद्ध हक्क आहे. कुरितिबा १९७४, मग कोलंबियात बोगोटा, डिसेंबर २०००, आणि मग पुणे, डिसेंबर २००६. कात्रज–स्वारगेट–हडपसर. भारतात बीआरटीचा, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतल्या जलद बसचा, पहिला प्रयोग आमचा. अहमदाबादनं तो २००९ मध्ये केला आणि वाहवा नेली, पण पहिला मान कुणाचा हे पुणेकर विसरू देणार नाही.

आता कुरितिबाहून निघालेल्या सामानातलं आमच्यापर्यंत काय पोचलं ते पाहा. बससाठी वेगळी मार्गिका पोचली. पण तिथली खरी जादू त्या नळीत आहे. तिकीट थांब्यात शिरतानाच काढायचं, थांब्याची फळी बसच्या जमिनीला समतल, बस आली की एकदम चार-पाच दारं उघडतात, वीस-तीस माणसं सरळ चालत आत. कंडक्टर नाही, पायऱ्या नाहीत, 'पुढे सरका' नाही. मेट्रोचं फलाट उचलून रस्त्यावर ठेवलंय. आमच्या २००६ च्या मार्गावर ह्यातलं काही नव्हतं. २०१५ नंतरच्या 'रेनबो' बीआरटीत समतल फलाटं आली, तिकीट मात्र बसमध्येच राहिलं.

लेर्नर हरून परत निवडून आला ह्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की १९७४ ते १९९१ अशी सतरा वर्षं ते लोक त्याच एका बसवर काम करत राहिले. आम्ही मार्गिका आखली आणि सतराव्या महिन्यापासून ती काढायची की ठेवायची ह्यावर भांडतोय.

---

खडी_डांबर | शनिवार, सकाळी १०.१५

घाटराव, नळी दिसते म्हणून सगळे नळीबद्दल बोलतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर कुरितिबाचं मर्म रस्त्याच्या आडव्या छेदात आहे.

त्यांनी मुख्य रस्ता रुंद केलाच नाही. रुंदीकरण म्हणजे घरं पाडणं, मोबदला, वीस वर्षांचे दावे. त्याऐवजी एकमेकांना समांतर असलेले तीन जुने रस्ते धरले. मधल्यात बस, तिच्या दोन्ही बाजूंना स्थानिकांसाठी हळू गल्ली. इमारतींची एक रांग सोडून डावीकडच्या रस्त्यावर शहरात येणारी भरधाव वाहतूक, उजवीकडच्यावर जाणारी. तीन रस्ते मिळून एक हमरस्ता, आणि पाडापाडी जवळपास नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. उंच इमारतींना परवानगी फक्त ह्या पट्ट्यांत. पट्ट्यापासून लांब गेलात की बुटकी घरं. आपल्या भाषेत, एफएसआय (जमिनीच्या मानानं किती बांधकाम करता येईल तो आकडा) बसच्या मागे गेला. आकाशातून घेतलेल्या फोटोत इमारतींच्या भिंती सरळ रेषेत उभ्या दिसतात आणि बाकी शहर हिरवं, बसकं. बसला प्रवासी कुठून मिळाले, तर ते आधीच तिच्या दाराशी राहायला आणले होते.

आपल्याकडे एफएसआय कुणाच्या मागे जातो हे मी निवृत्त असलो तरी लिहिणार नाही. पेन्शन चालू आहे.

---

टवाळ_आत्या | शनिवार, सकाळी १०.२१

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकांची पेन्शन अबाधित राहो.

---

उलटतपासणी | शनिवार, दुपारी १.१०

एफएसआय बसच्या मागे गेला, मान्य. मग त्या पट्ट्यांतल्या जमिनीचा भाव कुणाच्या मागे गेला? उंच इमारतींत मध्यमवर्ग राहायला आला. लाल बसच्या दाराशी जागा परवडेना म्हणून गरीब शहराच्या हद्दीबाहेर गेले. कुरितिबाची पत्रकं जगभर वाटली गेली, त्यांत शेजारच्या गावांतल्या झोपड्यांचे फोटो नव्हते. दक्षिणायन, तुम्ही तिथेच कुठेतरी राहता. खोटं असेल तर सांगा.

दुसरं. लेर्नर महापौरपदावर थांबले नाहीत. १९९५ ते २००२ पाराना राज्याचे गव्हर्नर होते, दोनदा निवडून आले. तोपर्यंत मूळचा लष्करी राजवटीचा सरकारी पक्ष सोडून डावीकडच्या पक्षात गेले होते, तो सोडून पुन्हा उजवीकडे. गव्हर्नर असताना हमरस्त्यांवर खाजगी टोल आणला. राज्याची बँक २००० मध्ये खाजगी बँकेला विकली. वीज कंपनीही विकायला काढली. त्यावर लोकांनी रान उठवलं, सह्या गोळा केल्या, २००१ मध्ये तो लिलाव बारगळला. म्हणजे कोर्ट बंद व्हायची वाट बघणारा माणूस मोठा झाल्यावर काय करतो तेही व्याख्यानात घ्या.

---

दक्षिणायन | शनिवार, संध्या. ६.३०

खोटं नाही. मी राहतो तिथून शहरात जाणाऱ्या बसचं तिकीट शहराच्या जाळ्याला जोडलेलं होतं, एका तिकिटात कुठूनही कुठेही. तेच तर ह्या व्यवस्थेचं सामाजिक अंग होतं. तिकीट एकच, त्यामुळे अंतराच्या मानानं जवळ जाणारा जास्त देतो आणि लांबून येणारा कमी. लांबून येणारा बहुधा गरीब. २०१५ मध्ये राज्य आणि शहर यांच्यात पैशांवरून वाजलं आणि उपनगरांची जोडणी तुटली. त्या सालची चिडचिड लोक आजही काढतात.

बसचे प्रवासीही कमी होत गेलेत. गंमत म्हणजे बसचं शहर म्हणून जगप्रसिद्ध असलेलं हे गाव माणशी मोटारींच्या हिशेबात ब्राझीलच्या मोठ्या शहरांत वरच्या रांगेत आहे. मीही गाडीनं जातो. लाज वाटते, पण जातो. लाल बस सकाळी सातला भरलेली असते तेव्हा विरारची आठवण येते. भुयारी मेट्रोच्या घोषणा अनेकदा झाल्या, अजून एक खड्डा नाही.

टोलचं तर विचारूच नका. रेकियाँव लेर्नरच्या आधी गव्हर्नर होते, लेर्नरच्या नंतर पुन्हा तेच. 'टोल कमी करतो नाहीतर काढून टाकतो' म्हणून प्रचार केला होता. दोघांचं भांडण इथे आपल्याकडच्या काका-पुतण्यांसारखं चवीनं चघळतात.

---

शेवग्याची_शेंग | शनिवार, रात्री ८.५०

सगळे बस आणि एफएसआयमध्ये अडकलात. कचऱ्याचं कुणीच कसं बोललं नाही? मी प्रभागात ओला-सुका कचऱ्याचं काम करते (बिनपगारी, घरच्यांच्या मते बिनडोक). कुरितिबा मला फक्त ह्याच कारणानं ठाऊक आहे.

नदीकाठच्या झोपडवस्त्यांत कचरागाडी शिरू शकत नव्हती. बोळच तेवढे. कचरा नदीत जायचा, उंदीर, ताप. लेर्नरच्या तिसऱ्या कारकिर्दीत त्यांनी उलटं केलं. गाडी आत जात नाही ना, मग कचरा बाहेर येऊ दे. पिशवी भरून रस्त्यापर्यंत आणा आणि बसचं तिकीट घेऊन जा. मग १९९१ पासून भाजी. चार किलो सुका कचरा, एक किलो भाजी-फळं. भाजी कुठून, तर आसपासच्या शेतकऱ्यांचा माल जास्त झाला की भाव पडायचे, तोच पालिका विकत घ्यायची.

ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही. आपल्याकडे टोमॅटो रस्त्यावर ओततात आणि तिथून चार किलोमीटरवर वस्तीतली बाई भावाला घासाघीस करत उभी असते. मधली कडी फक्त एक टेम्पो आणि एक वजनकाटा आहे.

मी आमच्याकडे छोट्या प्रमाणावर करून पाहिलं. वह्यांच्या बदल्यात प्लास्टिक. पहिल्या रविवारी एकवीस मुलं, तिसऱ्या रविवारी दीडशे. पाचव्या रविवारी वह्या संपल्या आणि भंगारवाल्यानं येऊन माझ्याशी भांडण केलं की ताई, माझा धंदा बुडवताय. त्याचंही खरं होतं. मग त्यालाच वजनकाट्यावर बसवलं. अजून चालू आहे, महिन्यातून एकदा.

उलटतपासणी, तुमचे सगळे मुद्दे मान्य. पण ही योजना हुकूम देऊन चालत नाही. वस्तीतल्या बाईनं पिशवी उचलली तरच चालते.

---

उलटतपासणी | शनिवार, रात्री ९.३५

ही योजना मला माहीत नव्हती. भंगारवाल्याची गोष्ट विशेष आवडली. (हो, मलाही गोष्टी आवडतात.)

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ११.००

थोडं अवांतर वाटेल, पण नाही. आपल्याकडे 'महापौर' म्हटलं की लोकांना लाल दिव्याची गाडी आठवते, आणि तो दिवाही गेला. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त नेमणार राज्य सरकार. मुंबईत १८८८ च्या कायद्यानं, बाकी महानगरपालिकांत १९४९ च्या. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, मुदत अडीच वर्षं. त्यातलं पहिलं अर्धं वर्ष सत्कारात जातं. नगरपरिषदांत थेट नगराध्यक्षाचा नियम आला, गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला, परत आला.

म्हणजे नकाशेसरांच्या प्रश्नाचा पहिला भाग आपल्याकडे कधीचाच निकालात निघालाय. कागदावर लेर्नरचे अधिकार आपल्या आयुक्तांकडे आहेत. नेमलेला, मतांची फिकीर नसलेला. १९९४ च्या प्लेगनंतर सुरतेत एस. आर. राव ह्या आयुक्तांनी दोनेक वर्षांत शहर कसं धुऊन काढलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि २०२२ च्या मार्चपासून पुण्या-मुंबईत निवडणुका रखडल्या, तेव्हा कितीतरी काळ नगरसेवकही नव्हते, नुसते प्रशासक. नेमणुकीनंच शहरं सुधारत असती तर त्या काळात प्रत्येक गावात एकेक रुआ किन्झे व्हायला हवी होती. तुमच्या गावात झाली का?

---

नुसताच_वाचक | रविवार, सकाळी ११.०४

आमच्या गावात शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू झालं होतं. खड्डा अजून आहे.

---

कात्रजचा_घाट | रविवार, दुपारी १२.२०

गोदाकाठ, मार्मिक. पण फरक आहे. आयुक्त बाहेरून येतो आणि बस्तान बसेपर्यंत बदलून जातो. लेर्नर महापौर व्हायच्या आधी त्याच शहराच्या नियोजन संस्थेत, इप्पुकमध्ये, काम करत होता. ती संस्था १९६५ ची, आराखडा १९६६ चा. म्हणजे तो खुर्चीवर बसला तेव्हा फाइल पाच वर्षं तयार होती. आणि तो उठला तेव्हा त्याच्याबरोबर काम केलेलीच माणसं पुढे बसली. १९९३ नंतरचे दोन महापौर, ग्रेका आणि तानिगुची, दोघं त्याच्याच गटातले. तानिगुची तर जुना अभियंता.

---

खडी_डांबर | रविवार, दुपारी १२.४५

फाइल पाच वर्षं तयार होती. वा! आमच्याकडे फाइल तयार असते, साहेब तयार असतात, पण एकाच वेळी नाही.

---

दक्षिणायन | रविवार, रात्री ९.१०

आज रविवार म्हणून बारिगी बागेत जाऊन आलो, तुमच्या नावानं. बारिगी ही शहरातून जाणारी नदी, दर पावसाळ्यात पुरानं घरांत शिरायची. बाकी शहरं नदीला सिमेंटच्या नाल्यात कोंबतात. ह्यांनी १९७२ मध्ये काठची जमीन घेऊन बाग केली आणि मधोमध तळं. पूर आला की तळं फुगतं, बाग भिजते, घरं वाचतात. गवत कापायला मेंढ्या ठेवल्या होत्या, खर्च वाचला आणि लोकर मिळाली. आज मला मेंढ्या दिसल्या नाहीत. कापिबारा मात्र पाच होते, डुकराएवढे उंदीर, लोकांना अजिबात न भिता रस्ता ओलांडत होते. गाड्या थांबल्या होत्या.

तळ्याकाठी एका भेळवाल्यासारख्या म्हाताऱ्याला (मक्याची कणसं विकतो) विचारलं, लेर्नर कसा होता? म्हणाला, "१९८५ ला मी त्याच्या विरोधात मत दिलं. नेमलेल्याला कशाला द्यायचं? ८८ ला त्यालाच दिलं." का, विचारलं तर म्हणाला, "तोवर मी विचारून घेतलं होतं ना!"

काय विचारलं, कुणाला, ते नीट कळलं नाही. माझं पोर्तुगीज अजून कच्चं आहे.

---

शेवग्याची_शेंग | रविवार, रात्री ९.२२

कळलं की!

---

भिंतीवरचा_नकाशा | रविवार, रात्री ११.३०

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. मूळ प्रश्नाकडे येतो.

उलटतपासणी यांनी मला शुक्रवारच्या गोष्टीपासून तोडलं, हे मान्य करतो. यापुढे ती सांगेन, पण हसण्यासाठी थांबणार नाही. खडीकाकांनी दाखवलेला तीन रस्त्यांचा छेद फळ्यावर आधी काढेन. त्याला नेमणूक लागली, कारण पट्टे ठरवायला आणि पंधरा-वीस वर्षं तसेच राखायला कुणालातरी नाही म्हणावं लागतं. पण शेवग्यांची भाजीची टोपली नेमणुकीतून येत नाही. ती १९८९ नंतरच आली, हा योगायोग मला वाटत नाही. आणि तरीही नळीचा थांबा त्याच जुन्या पट्ट्यावर उभा आहे, त्यामुळे पारडं कुणाच्याच बाजूला पुरतं झुकत नाही. लेर्नर २०२१ च्या मे महिन्यात गेले. ते आपल्या ८५ च्या पराभवाबद्दल काय म्हणायचे ते शोधायला हवं होतं, ते मी कधी शोधलंच नाही.

त्या मुलीला अजून उत्तर दिलेलं नाही. सोमवारी दुपारी तास आहे. हा धागाच तिच्या हातात देईन म्हणतो. खांबांची गोष्ट तिला नक्की आवडेल, तिचं घर कुठल्याशा मंडईजवळ आहे.

---

टवाळ_आत्या | रविवार, रात्री ११.४१

एक मिनिट. राजकारणाचा धागा नगररचनेच्या दालनात, आणि काढलात कधी तर शुक्रवारी संध्याकाळी सात चाळीसला. संपादक मंडळ शनिवार-रविवार झोपलेलं असतं हे माहीत असून! ओळखलं हो सर तुम्हाला.

---

संपादक_मंडळ | सोमवार, सकाळी ९.१०

धागा 'राजकारण आणि समाज' दालनात हलवला आहे. कुंड्या जागेवर आहेत.